राखणदाराचं बनियन

खाजणवाडीच्या सरकारी मराठी शाळेत सतरा मुलं आणि एक शिक्षक. तो शिक्षकच मुख्याध्यापक, त्यामुळे गुरुदास सरांना आपल्या रजेच्या अर्जावर आपणच शिफारस लिहावी लागे, आणि बहुतेक वेळा ते ती नाकारत. पेडण्याहून येणाऱ्याला ही शाळा शोधायची तर आधी नदी शोधावी लागते, मग फेरीबोटीचा धक्का, आणि मग धक्क्यामागच्या काजूंत लपलेली निळ्या पत्र्यांची इमारत.

बरोबर एक वर्षापूर्वी ह्या धक्क्याची फेरीबोट बुडाली. सर अकरा मुलांना तेरेखोलचा किल्ला दाखवून परत आणत होते. नदीच्या मध्यावर पुढच्या फळीची साखळी तुटली, फळी पाण्यात पडली, आणि जिथून स्कूटर चढतात तिथून नदी चढली. नऊ मिनिटांत फेरी तिरकी होऊन गाळात बसली. एकोणीस माणसं होती, एकोणीस वाचली. सहा स्कूटर, पाववाल्या पोदेराची सायकल आणि टोपलीभर उंडे गेले. कोणी मेलं नाही म्हणून चौकशी समितीलाही घाई नव्हती. साखळी जुनी होती हा निष्कर्ष काढायला तिला सात महिने लागले. फेरीचा खलाशी हीच गोष्ट तीन वर्षं फुकटात सांगत होता.

आता वर्ष झालं म्हणून शनिवारी शाळेच्या अंगणात जीवरक्षकांचा सत्कार ठरला. पंचायतीने सात जीवरक्षकांची यादी केली. तीत बुडणाऱ्या फेरीचं धक्क्यावरून थेट प्रक्षेपण करणारा एका पंचाचा मेव्हणा होता, तीन आठवड्यांनी फेरी ओढून काढणारा जेसीबीचा मालक होता, आणि धक्क्यावरून खरोखरच दोर फेकलेला निलेश नावाचा एक मुलगाही चुकून यादीत आला होता. तालुक्याचे साहेब अध्यक्ष. कार्यक्रमपत्रिकेवर शेवटून दुसरी ओळ होती : ‘बुडालेल्या मुलांचे निबंधवाचन’.

विषय सरांनीच दिला होता. ‘फेरी बुडाली तेव्हा मला काय वाटले आणि मला कोणी वाचवले.’ वर तंबीही दिली होती, ‘खरं लिहा. पुस्तकातलं लिहिलंत तर शून्य.’

मुलांनी आयुष्यात पहिल्यांदाच सरांचं ऐकलं.

गुरुवारी दुपारी शाळा सुटल्यावर सर अकरा निबंध पुन्हा घेऊन बसले. तिसरीतल्या साईशने लिहिलं होतं : ‘लाइफजॅकेटच्या पेटीला कुलूप होते. किल्ली पलीकडच्या काठावर होती. म्हणून किल्ली बुडाली नाही.’ चौथीतल्या गौरवीने लिहिलं होतं : ‘मला वाटले आता आपण मरणार. मग आठवले की माझा पाण्याचा बाटला किल्ल्यावर राहिला आहे. आई मारणार असे वाटले. दोन्ही एकदम वाटले.’ एकाने लिहिलं होतं, ‘सर फार मोठ्याने ओरडत होते, त्यामुळे आम्हाला भीती वाटायला वेळ मिळाला नाही.’ सरांनी त्या वाक्याखाली लाल रेघ मारली, मग बराच वेळ बघून ती खोडली.

पण सेजलच्या निबंधाशी ते थांबले.

‘मला भैरूमामाने होडीत घेतले. होडी रेतीने भरलेली होती. आम्ही जड झालो म्हणून मामाने आणि त्याच्या माणसांनी सगळी रेती परत नदीत टाकली. ती सकाळपासूनची रेती होती. होडीवर त्याच्या मुलीचे, शुभांगी असे नाव आहे. शुभांगीच्या होडीत आम्ही सगळे बसलो, फक्त शुभांगी अजून नव्हती.’

सरांनी चष्मा काढून पुसला. त्यांनी चार दिवसांपूर्वी हाच निबंध तपासून वर ‘सुंदर’ असं लिहिलं होतं. तेव्हा त्यांना फक्त निबंध दिसला होता. आता गुन्हा दिसला.

नदीतून रेती काढायला बंदी आहे. बंदी असल्यामुळे रेती काढली जात नाही, आणि काढली जात नसल्यामुळे त्या दुपारी नदीत एकही होडी नव्हती, असं सरकारी कागद सांगतो. रेतीवाल्यांना पकडणारं एक पथक आहे. ते दुपारी दीड ते तीन जेवतं. फेरी पावणेदोनला बुडाली. मुलं पथकाच्या भुकेमुळे वाचली असंही म्हणता आलं असतं, पण ते मंचावरून म्हणण्याजोगं नव्हतं. सापडलेली होडी हे पथक तिथल्या तिथे यंत्राने कापतं. आणि त्या पथकाचे प्रमुख म्हणजेच शनिवारचे अध्यक्ष, तालुक्याचे साहेब.

दहा निबंधांत होडी होती. सात निबंधांत भैरूचं नाव होतं. एकात तर होडी रोज कुठे लपवतात तेही होतं, खाणाखुणांसकट. भूगोलात नापास होणाऱ्या मुलाने ते लिहिलं होतं.

“येऊ का, सर?”

दारात भैरूच उभा. चंदगडकडचा माणूस, बारा वर्षं ह्या नदीत. खांदे रुंद, बोलणं थोडं. त्याची शुभांगी चौथीत.

“पोरीनं काय लिवलंय म्हणं.”

“छान लिहिलंय, भैरू.”

“छान लिवलं असंल तर फाडा.”

सरांनी त्याला बाकावर बसवलं. बाक पहिलीतल्या मुलांचा. भैरूचे गुडघे कानांना लागले.

“निबंध शनिवारी वाचायचेत,” सर म्हणाले. “साहेबांसमोर.”

“तेच म्हंतोय. माझं नाव नको, होडीचं नको. होडी कापली तर मला इथं काम न्हाई. मग पोरीचा दाखला करून ठिवा. गावाकडं जायचं.”

“तू नसतास तर मी आज ह्या खुर्चीत नसतो.”

“ठाव हाय. माझ्या मानंला मिठी मारली हुती तुम्ही. दोन दिवस मान वाकडी.”

“मग तुझं नाव मी कसं खोडू?”

भैरू उठला. बाकही त्याच्याबरोबर थोडा उठला. “सर, त्या दिशी लई वरडलासा. आता जरा गप ऱ्हावा.”

तो गेल्यावर सरांनी शुभांगीचा निबंध काढला. सगळ्यांत लहान होता.

‘माझ्या बाबांनी आधी सेजलला घेतले, मग साईशला, मग सगळ्यांना, मग सरांना. मी रेलिंगला धरून होते. मी बाबांना हाक मारली. ते माझ्याकडे बघत होते पण दुसऱ्यांना घेत होते. मला त्यांनी सगळ्यांत शेवटी घेतले. मी विचारले, का. ते म्हणाले, तुला पोहता येते. मला येते पण तेव्हा येत नव्हते.’

सरांनी तो निबंध फाडला नाही. फाईलमध्येही ठेवला नाही. नुसते हातात घेऊन बसले.

शुक्रवारी त्यांनी अकरा जणांना पुढे बसवलं.

“मुलांनो, निबंध चांगले झालेत. फक्त थोडा बदल. भैरूमामाचं नाव काढायचं. होडी काढायची. रेती काढायची.”

“मग आमी बसलो कशात, सर?” साईशने विचारलं. “ताटात?”

“मासेमारीची होडी लिहा.”

“मासे खंय होते?” सेजल म्हणाली. “रेती होती. माझ्या फ्रॉकात भरली, आवय अजून सांगता.”

“मग देवाच्या कृपेने वाचलो, असं लिहा.”

“देवाक पोवाक येता?” साईशला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“सर, तुमीच म्हणाल्यात खरं लिहा,” गौरवी म्हणाली. “आता म्हणतात खोटं लिहा. मग शून्य कोणाक?”

सरांना डी.एड.ला ह्या प्रश्नाचं उत्तर शिकवलेलं नव्हतं. त्यांनी खरं ते सांगून टाकलं : साहेब कोण, होडी सापडली तर काय होतं, आणि भैरूमामा काल शाळेत कशासाठी आला होता. वर्ग इतका शांत झाला की बाहेर पेज ढवळणाऱ्या बाईंनी, सर आजारी तर नाहीत ना, म्हणून डोकावून पाहिलं.

शुभांगी खाली बघत होती. “सर, माझा राहू दे.”

“शुभांगी, तुझ्या बाबांनीच सांगितलंय.”

“बाबांचं नाव नाही घेत मी. पण मग मला कोणी काढलं म्हणून वाचू? त्या जेसीबीवाल्यानं?” तिचा आवाज चढला. “त्याला शाल देणार. त्या मोबाइलवाल्याला देणार. बाबांना सगळे रेतीवाला म्हणतात. एकदाच वाचायचं होतं मला, सर. माइकवर.”

साईशने तिला स्वतःचा खोडरबर दिला. त्याच्याजवळ देण्यासारखं तेवढंच होतं.

तेव्हा गौरवी म्हणाली, “सर, राखणदार लिहूया.”

गौरवीचा बाप दत्तप्रसाद हा गावकर. देवळात गावाच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराकडे. त्यामुळे गावच्या राखणदाराची बरीचशी माहिती गौरवीला घरबसल्या मिळे. राखणदार म्हणजे वेशी सांभाळणारा. तो रात्रंदिवस हद्दीवर फिरतो, वाट चुकलेल्याला घरी आणून सोडतो, त्याला विडी लागते, आणि मुख्य म्हणजे त्याचं नाव कोणी घेत नाही. नाव घेतलं तर तो निघून जातो.

“राखणदाराक नाव नसता,” गौरवी समजावून सांगू लागली, जणू सर बाहेरगावचे. “पण तो कोण ता सगळ्यांक ठाऊक असता. साहेबान विचारल्यान तर सांगूचा, राखणदार.”

“मामाचा बनियन लिहू?” सेजलने विचारलं. “भोकांचा?”

“बनियन लिही,” सर म्हणाले, आणि आपण काय बोलून बसलो ते त्यांना बोलून झाल्यावर कळलं.

मुलांनी अर्ध्या तासात नवे निबंध लिहिले. शुभांगीने शेवटी लिहिला आणि पालथा घालून ठेवला.

शनिवारी मंडप भरला. साहेब वेळेवर आले, ह्यामुळे आयोजकांची तारांबळ उडाली. साहेब मूळचे डिचोलीकडच्या एका गावचे, चाळिशी ओलांडलेले, नीट इस्त्रीचे. सत्कार सुरू झाला. पंचाच्या मेव्हण्याने शाल घेतानाही एका हाताने स्वतःचं चित्रीकरण केलं. जेसीबीच्या मालकाने, ‘मी फक्त माझं कर्तव्य केलं,’ असं सांगितलं. ते खरं होतं, बिल त्याने नियमाप्रमाणे लावलं होतं. निलेशला शाल कमी पडली म्हणून त्याला फक्त नारळ मिळाला. तो मागे जाऊन बसला आणि त्याने तो शेजारच्याच्या मांडीवर ठेवला.

शेजारचा म्हणजे भैरू. तो कुंपणाला टेकून बसला होता, बरोबर होडीवरचे आणखी सातजण. कोणाच्याच अंगावर आज बनियन नव्हतं. सगळे धुतलेल्या शर्टात, गळ्यापर्यंत बटणं लावून. सरांना मंचावरून ते इतके अनोळखी दिसले, की साहेबही त्यांना ओळखणार नाहीत असं वाटून गेलं.

मग मुलं आली.

सेजलने वाचलं, “राखणदार पाण्यातून आला. त्याच्या बनियनला चार भोके होती. त्याने मला उचलून सुक्यात बसवले. सुक्यात खाली काहीतरी टोचत होते, ते काय होते ते मला माहीत नाही.”

मंडपात कोणीतरी फसकन हसलं.

साईशने वाचलं, “राखणदार एक नव्हता, आठ होते. त्यातला एक आमच्याकडे सायंकाळी भुसारी दुकानात येतो. राखणदाराला पोहता येते.”

आता हसू पुढच्या रांगांपर्यंत आलं. गौरवीने वाचलं, “राखणदार सरांना म्हणाला, सर मान सोडा. सरांनी सोडली नाही.” ह्याला टाळ्या पडल्या. सर खाली मान घालून कार्यक्रमपत्रिकेचा अभ्यास करू लागले. साहेबही हसत होते. पण हसता हसता त्यांचं एका कागदावर काहीतरी टिपणं चालू होतं, आणि ते सरांना मुळीच आवडलं नाही.

शुभांगी शेवटी आली. माइक तिच्यापेक्षा उंच होता. निलेशने मागून येऊन तो खाली केला.

“राखणदाराने आधी सेजलला घेतले,” तिने वाचलं. “मग साईशला, मग सगळ्यांना, मग सरांना. मी रेलिंगला धरून होते. मी राखणदाराला हाक मारली. तो माझ्याकडे बघत होता पण दुसऱ्यांना घेत होता.”

मंडपातलं हसू थांबलं. मागच्या बायकांपैकी कोणीतरी पदर तोंडाला लावला.

“मला सगळ्यांत शेवटी घेतले,” शुभांगी म्हणाली. कागद आता खाली गेला होता. ती कुंपणाकडे बघत होती. “मी त्याला म्हटलं, बाबा, मी तुमचीच ना? मग मला शेवटी का?”

माइकने तो शब्द सगळ्या वाडीला ऐकवला. नदीपलीकडेही गेला असावा.

सरांना वाटलं, आता संपलं. साहेबांचं पेन थांबलं होतं. साहेबांनी मान वळवून ती जिकडे बघत होती तिकडे बघितलं. आठ माणसं, आठ गच्च लावलेली बटणं. आणि भैरू नारळ दोन्ही हातांनी धरून, मान खाली घालून बसलेला. असा, की तो कोण हे कोणाला विचारायची गरज नव्हती.

साहेब उठायला लागले. ते अर्धे उठलेले असतानाच दत्तप्रसाद उभा राहिला. पत्रिकेत त्याचं नाव नव्हतं. त्याने डोक्याची टोपी सरळ केली, हात जोडले आणि कोणालाही न विचारता गाऱ्हाण्याचा सूर लावला.

“बा देवा म्हाराजा! आज ह्या शाळेच्या आंगणात बारा-पाचाची सगळी लेकरां तुझ्या पायांकडे उभी रवलीं, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” मंडप म्हणाला. गाऱ्हाणं सुरू झालं की बसून राहायचं नसतं. सगळे उठले, खुर्च्या मागे सरकल्या, साहेबही अर्धे होते ते पूर्ण उठले.

“ज्या कोणा राखणदारान त्या दिसा न्हंयत उडी मारलान, सकाळपासूनची आपली मेहनत पाण्यात सोडलान, आणि आमची अकरा पोरां नि एक मास्तर भायर काढलान…”

“व्हय म्हाराजा!”

“…स्वताचा पोर पाण्यात ठेवलान, म्हाराजा, आणि दुसऱ्याची आधी काढलान…”

ह्याला ‘व्हय’ यायला क्षणभर उशीर झाला. आला तेव्हा घोगरा आला.

“…तो राखणदार, ताचा पोर, आणि ज्या कशात बसान तो इलो, ता सगळा आसा तसा ह्या न्हंयत राख, म्हाराजा! कोणाचा यंत्र, कोणाचा कागद, कोणाची वाकडी नजर त्येच्यार पडात, तर ती वाटेतल्यावाटेत परत फिरव, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

आणि त्या आवाजात, सरांच्या डाव्या कानापासून हातभर अंतरावर, स्पष्ट, डिचोलीच्या वळणाचं एक ‘व्हय म्हाराजा’ होतं. साहेबांचे हात जोडलेले होते. डोळे मिटलेले होते. लहानपणापासून गावच्या देवळात हजारदा म्हटलेलं ते आपोआप आलं, जसं ठेच लागली की ‘आई’ येतं.

मग त्यांनी डोळे उघडले, आणि आपण कशाला होकार दिला ते त्यांच्या ध्यानात आलं. गाऱ्हाण्याला दिलेला होकार हा पेडणे आणि डिचोली ह्या दोन तालुक्यांत साधा होकार नसतो. सरकारी आदेशावरची सही फिरवता येते. देवाला साक्षी ठेवून ‘व्हय’ म्हणून जो फिरला, त्याच्या घरचं पुढे काय झालं ह्याच्या गोष्टी प्रत्येक गावात असतात, आणि साहेबांच्या गावात त्या बहुधा जास्तच होत्या. साहेबांचा चेहरा पडला, मग थोडा सावरला, मग एकदम हलका झाला. ते हळूच खाली बसले.

अध्यक्षीय भाषण दीड मिनिटाचं झालं. लाइफजॅकेटच्या पेटीचं कुलूप ते सोमवारी स्वतः काढणार होते, आणि फेरीची नवी साखळी ते स्वतः बघणार होते. नदीचा उल्लेख नव्हता.

चहाच्या वेळी त्यांनी सरांना बाजूला घेतलं. समोसा हातात तसाच होता.

“सर, मीसुद्धा मराठी शाळेतच शिकलो. अकरा पोरांना एकाच राखणदाराचं एकच बनियन दिसत नाही. हे दुसरे निबंध असणार. पहिले कुठे आहेत?”

सरांनी चहाचा कप खुर्चीवर ठेवला. “पहिले… ते असे फारसे…”

“मला देऊ नका.” साहेबांनी मघाचा टिपणांचा कागद खिशातून काढला, चार घड्या घातल्या आणि समोशाचं तेल त्याला पुसलं. “कोणालाच देऊ नका. आणि त्या दत्तप्रसादाला सांगा, पुढच्या वेळी आधी विचार. माणसाला नोकरी असते.”

“सांगतो, साहेब.”

“सांगितलंत तरी तो विचारणार नाही,” साहेब म्हणाले. “आमच्याकडचा पण नाही विचारत.” आणि ते गाडीकडे गेले.

मंडप रिकामा होत होता. सर खुर्च्या मोजायला म्हणून मागे गेले. खरं तर ते शुभांगीला शोधत होते. कोणीतरी रागावण्याआधी तिला सांगायचं होतं, की काही बिघडलं नाही, दाखला लिहायचा नाही.

ती कुंपणापाशी सापडली. भैरू उकिडवा बसला होता, ती समोर उभी, हात मागे. सर खांबाआड थांबले. असं चोरून ऐकणं शिक्षकाला शोभत नाही हे त्यांना ठाऊक होतं.

“चुकले मी,” शुभांगी म्हणाली. “कागदावर राखणदारच होतं. तोंडातून दुसरं आलं.”

भैरू नारळाच्या शेंड्या सोलत होता. एक सोलली, दुसरी सोलली.

“वरीसभर पोटात ठेवलंस ते?”

तिने मान डोलावली.

“अगं, तुला उचलायचं म्हटलं की हात थरथरायचं,” तो म्हणाला. “थरथरत्या हातानं दुसऱ्याची लेकरं कशी उचलायची? म्हणून शेवटाला ठेवली. पोहता येतंय ते आपलं सांगायचं म्हणून सांगितलं.”

शुभांगीने ते मनात पुन्हा म्हणून पाहिलं. तिला निबंधासारखं सगळं नीट लावून घ्यायची सवय होती.

“अजून राग हाय व्हय?” भैरूने विचारलं.

“थोडा.”

“बरं. फुडच्या टायमाला तुला पैली घेतो.”

“पुढच्या वेळी मी फेरीत बसणारच नाही,” शुभांगी म्हणाली, आणि नारळ त्याच्या हातातून काढून घेऊन घराच्या वाटेला लागली. भैरू गुडघ्यांवर हात टेकून उठला आणि तिच्या मागोमाग गेला.